विहिणीचा मासा

"बटाटे!" मी हरेशला म्हटलं. "मुलाची आई पहिल्यांदा दारात आली, आणि तुझ्या सासऱ्यानं ताटात काय वाढलं, तर उकडलेले बटाटे!"

"आये, हळू."

"हळू का? त्याला मराठी कळतं?"

"शब्द कळत नाहीत. तोंड कळतं."

तोंड कळत असेल तर बरंच होतं. माझा व्याही तूर्मोद समोरच बसला होता. डोलकाठीसारखा सरळ माणूस, भुवया पिकलेल्या, आणि जेवायला बसला तरी बाह्यांवर आणि कानांच्या पाळ्यांत पांढरी भुकटी, भिंतीला सफेदी मारता मारता उठून आल्यासारखी. त्यानं बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं, मेंढीच्या मटणाचा एक तुकडा वाढला आणि खाली मान घालून जेवायला लागला. बोलणं नाही, आग्रह नाही.

त्याच्या पाठीमागच्या खिडकीत नदी होती. मी बघत असतानाच तिच्यात मासा उडाला. लहानसहान नव्हे, चांगला माझ्या मांडीएवढा. चांदीचा पत्रा हवेत वाकवून परत पाण्यात टाकावा तसा पडला.

"तो बघा!" मी हात करून ओरडले.

व्याह्यानं वळून बघितलं, मान हलवली, आणि माझ्याकडे लोण्याची वाटी सरकवली.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण ती वाटी मला अजून दिसते. मी धुरपदा चोगले, तांबडखारच्या धर्मा नाखवाची बायको. शाळेत मी तिसरीपर्यंत गेले, त्यातलीही निम्मी शाळा खाडीवर. आमच्या दोन होड्या होत्या, आणि धर्मा नाखवा गेल्यावर त्या मी चालवल्या. खलाशांना माझ्या पायांचा आवाज ओळखू यायचा. खाडीची मासळी आटत गेली तसा हरेश मोठ्या जहाजावर इंजिनाच्या कामाला लागला. जहाज नॉर्वे देशाला गेलं, हा तिथं उतरला, आणि घरी फोटो आला. फोटोत हरेश, आणि त्याच्याशेजारी त्याच्याहून उंच गोरी बायको. सिग्ने तिचं नाव. लग्न कचेरीत सह्या करून झालेलं. मला विचारणं नाही, मानपान नाही, काही नाही. "माझा पोरगा नेला त्या लोकांनी," असं मी सात वर्षं गावभर सांगत होते.

सात वर्षांनी मी निघाले ती आषाढात. आषाढात आमच्याकडे होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी सुकत असतात, नारळी पुनवेपर्यंत कुणी पाण्यात जात नाही. बाईला घराबाहेर पडायला तेवढीच सवड.

तांबडखारात एक रीत आहे. लग्न झालं की मुलीचा बाप मुलाच्या आईकडे मासा घेऊन येतो. मासा त्याच्या पाण्यातला हवा, त्याच्या हातानं धरलेला हवा, डोक्याशेपटीसकट अख्खा हवा. बाजारातला चालत नाही. तो मासा मुलाच्या आईनं हातात घेतला की सून घरची झाली. मग सासू आपल्या गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून तिच्या गळ्यात घालते. माझा बाप घोळ मासा खांद्यावर टाकून खाडी ओलांडून आला होता, त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती, आणि माझी सासू तो मासा घेताना हसली होती. एरवी ती हसत नसे.

ती माळ मी गळ्यात घालूनच नॉर्वेला गेले. मासा आला तर माळ सुनेला. नाही आला तर जशी घालून आले तशी घालून परत.

हरेश म्हणाला, "आये, असं इकडे नसतं गं."

"इकडे नसेल. मी इकडची नाही."

हरेश आणि सिग्ने व्याह्याच्याच घरी राहत होते. त्या घराची जागा मात्र कुणीही मान द्यावी अशी. डोंगर वरून खाली उतरतात ते थेट समुद्रात पाय बुडवून बसतात, आणि समुद्र त्यांच्यामधून आत शिरतो, आपल्या खाडीसारखा. पण चिखल नाही, तिवरं नाही, तळ दिसत नाही एवढं खोल. ग्रीमा नावाची ती नदी वरच्या बर्फाच्या माळावर जन्मते, मध्ये एका तळ्यात दम खाते, मग खडकावरून उडी घेते आणि व्याह्याच्या शेतापाशी येऊन खाऱ्या पाण्याला मिळते. तिथला मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला उलटा नदीत चढतो, ज्या नदीत जन्मला त्याच नदीत. हे मला सिग्नेनं सांगितलं, तिच्या मोडक्या मराठीत.

"मासा घर विसरत नाही, आई."

"मासा नाही विसरत," मी हरेशकडे बघत म्हटलं.

पोर वाईट नव्हती. माझ्यासाठी भात शिजवायची, तो कधी चिखल व्हायचा तर कधी खडे. मी नाव ठेवलं की "पुन्हा करते" म्हणायची आणि खरंच करायची. माझ्या गळ्यातल्या माळेकडे मात्र तिनं एकदाही वर डोळा करून बघितलं नाही. रीत तिला हरेशनं सांगितलेली होती, हे मला कळत होतं. न बघण्यातही एक ताठा असतो. तो मला ओळखू येतो, माझ्या घरचा आहे तो.

असे काही दिवस गेले. बटाटे, मेंढी, बटाटे, अंडी. सकाळी पावावर एक गुळाच्या ढेपेसारखं दिसणारं चीज, तोंडात घातलं तर ना धड गोड ना धड खारट. ते मी टेबलाखालून मांजराला घालत होते. मांजर तेवढं माझ्यावर खूश होतं.

एका दुपारी मी जेवता जेवता तोंड सोडलंच. "हरेश, सांग त्यांना, मी कोण ते. सांग, एका वर्षी बंदी असताना माझ्या सख्ख्या दिरानं होडी काढली होती. परत आला तेव्हा मी बंदरावर उभी होते. त्याची भरलेली टोपली मी सगळ्या गावादेखत पाण्यात उलटी केली. गाभोळीची मासळी होती, एकेक पोट फुगलेलं. दीर दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही, पण पुन्हा आषाढात एक होडी बाहेर गेली नाही. अशी बाई तुमच्या दारात आलीय म्हणावं."

हरेशनं चार शब्द सांगितले.

"मी एवढं बोलले आणि तू एवढंच सांगितलंस?"

"त्यांच्या भाषेत कमी लागतात."

पण ते चार शब्द नीट पोचले असावेत. व्याह्यानं काटा खाली ठेवला आणि मी आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठून बाहेर गेला. जेवण अर्धवट टाकून!

"हे बघ," मी म्हटलं. "ही रीत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या मागं मागं गेले. नदीच्या तोंडाशी त्यांचं एक मचाण आहे, पाण्यात रोवलेल्या उंच खांबांवर. वर खोपट, खोपटाला खिडकी. खाली पाण्यात जाळं पसरलेलं, एका बाजूनं तोंड उघडं. तळाशी पांढऱ्या रंगवलेल्या फळ्या ठेवलेल्या. माणूस वर बसून त्या फळ्यांवर नजर लावतो. मासा आत शिरला की पांढऱ्यावरून काळी सावली जाते. सावली दिसली की दोर ओढायचा, जाळ्याचं तोंड वर येतं, मासा आत. व्याह्याच्या आज्याचा आजाही त्या जागेवर असाच बसायचा म्हणे.

मी काठावर दगडावर बसले. बसून बसून कंबर धरली. आणि मग एकदम दोर कुरकुरला, जाळ्याचं तोंड वर आलं, पाणी पांढरं झालं. व्याही शिडी उतरून होडीत गेला, जाळं आवळलं, आणि दोन्ही हातांत मासा उचलला. देवा, काय मासा! पाठ निळी, पोट रुप्याचं. मी उभी राहिले. पदर खोचला. दोन्ही हात पुढे करायचे तेवढे बाकी होते.

त्यानं माशाला मापाची पट्टी लावली. पंखाजवळ एक बारीक खूण अडकवली. आणि पाण्यात सोडून दिला.

मी जे ओरडले ते इथं सांगत नाही. काठावरच्या बदकांना सुद्धा समजलं असेल. हरेश आणि सिग्ने घरातून पळत आले.

"तोंडापुढचा मासा सोडला याने! विहिणीच्या तोंडावर! नसेल द्यायचा तर तसं सांगावं, पण दाखवून सोडायचा? आम्ही भिकारी आहोत का? हरेश, माझं तिकीट बघ!"

हरेश काही बोलणार, तोच सिग्नेनं त्याला गप्प केलं. "मी सांगते," ती म्हणाली. "आई, गाडीत बसा."

"मी कुठं येत नाही."

"बसा," ती म्हणाली. तसं मला तांबडखारात कुणी म्हणत नाही. मी बसले.

तिनं गाडी नदीकाठानं वर नेली. वाटेत एका वाकणावर एक उंच टाकी उभी होती, भाताच्या कणगीसारखी, पण पत्र्याची. तिच्या बुडातून नळी नदीत गेली होती आणि नळीतून दुधासारखं पांढरं पाणी सुटत होतं. खालच्या झाडापाल्यावर सगळीकडे तीच भुकटी, जी मी व्याह्याच्या कानांत बघितली होती. मी चिमटीत घेतली, जिभेला लावली. मी पान खाणारी बाई, मला कुणी सांगायला नको.

"चुना?"

"चुना," सिग्ने म्हणाली.

मग ती उभ्या उभ्या सांगत गेली. शब्द अडला की हातांनी दाखवायची. लांबलांबच्या देशांतला धूर वाऱ्यानं यायचा आणि पावसात मिसळून इथं पडायचा. पाणी आंबट झालं. मोठा मासा कसाबसा चढायचा, पण त्याची अंडी पाण्यात जळून जायची. एक वर्ष असं आलं, की तिचा आजा अख्खा उन्हाळा मचाणावर बसला आणि पांढऱ्या फळीवरून एक सावली गेली नाही. पुढच्या वर्षीही नाही. लोकांनी जाळी काढली, मचाणं जळणाला वापरली. आज्यानं मात्र दर वसंतात फळ्या बाहेर काढल्या, पांढऱ्या रंगवल्या आणि परत पाण्यात ठेवल्या. लोक हसले. आजा मेला, तर तूर्मोदनं रंगवल्या.

"मासा नसताना?" मी विचारलं.

"मासा नसताना."

मग सरकारनं ही टाकी उभी केली. ती बघायला माणूस हवा होता, तूर्मोद पुढं झाला. पाऊस वाढला की चुना वाढवायचा, नळी तुंबली की रात्री-अपरात्री येऊन मोकळी करायची. बर्फात सुद्धा. सिग्नेचं लहानपण या टाकीच्या आसपास गेलं. आणि मग एका उन्हाळ्यात फळीवरून सावली गेली.

"बाबा घरी आले, बोलले नाहीत," ती म्हणाली. "रडले. मी तेव्हा एकदाच बघितलं."

आता मासा परत चढत होता, पण अजून थोडा. खोऱ्यातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, की नदी भरेपर्यंत एकही मारायचा नाही. मोजायचा, खूण करायची, सोडायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारी जाऊन हे गळी उतरवणारा माणूस तूर्मोदच. त्यापायी भावाशी वाकडं आलेलं.

"मग दुकानातला आणायचा," मी म्हटलं. पण माझा आवाज आता तेवढा चढत नव्हता. "तुमच्या दुकानात ढीग आहेत."

"ते पिंजऱ्यात पाळलेले. मी म्हटलं बाबांना, आणू या. ते म्हणाले..." ती शब्द शोधायला लागली. "ते म्हणाले, ती नाखवाची बायको आहे. तिला पिंजऱ्यातला मासा वाढू? त्यापेक्षा बटाटे."

टाकीतून चुना सुटत होता, पाणी पांढरं होत होतं आणि थोड्या अंतरावर परत निवळत होतं. त्यापेक्षा बटाटे! माझ्या सासऱ्यानं सुद्धा हेच म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं.

"तुला माळ हवीय का?" मी तिला एकदम विचारलं.

"हवी आहे," ती म्हणाली. "मागणार नाही."

परत आलो तेव्हा हरेश आणि व्याही अंगणात उभे होते. मी नसताना दोघांचं काही बोलणं झालेलं दिसत होतं. हरेशचा चेहरा उतरलेला. व्याही पुढं आले, मला म्हणाले, "कोम," आणि मचाणाकडं चालायला लागले.

"या म्हणतायत," हरेश म्हणाला.

"तेवढं कळतं मला."

नऊवारीचा कासोटा घट्ट करून मी शिडी चढले. आत एका फळीवर दोन माणसं कशीबशी मावतात. खिडकीतून खाली बघितलं तर हिरव्या पाण्याखाली त्या पांढऱ्या फळ्या, धुतलेल्या चादरी वाळत घातल्यासारख्या. व्याह्यांनी दोर माझ्या हातात दिला आणि आपण हात मांडीवर ठेवून बसले. हरेश शिडीवर, सिग्ने खाली होडीत.

"हरेश, काय चाललंय?"

हरेश शिडीवरून आत वाकला. "मी त्यांना तिकिटाचं सांगितलं, आये. माशाशिवाय तू जाणार म्हटलं. ते म्हणतात, या खेपेला जो येईल तो तुझा. त्यांच्या पाण्यातला आहे, जाळं त्यांचं आहे. खोऱ्यात कुणी विचारलं तर ते सांगतील, मीच मारला म्हणून."

"आणि खोरं काय म्हणेल?"

हरेशनं विचारलं. व्याह्यांनी खांदे उडवले. पण मांडीवरच्या हातांच्या मुठी मी बघितल्या.

आम्ही बसून राहिलो. दोन म्हातारी माणसं, एकमेकांच्या भाषेतलं अक्षर येत नाही, आणि दोघांची नजर एकाच फळीवर. खरं सांगते, धर्मा नाखवा गेल्यापासून मी कुणाशेजारी एवढी निवांत बसले नव्हते.

मग सावली आली. आधी फळीच्या कडेला डाग, मग लांब होत गेली. माझा हात ओढायला गेला, तर व्याह्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. थांब. सावली पुढं सरकली. शेपूट आत आली. बोट उचललं. मी ओढला. असा ओढला की खोपट हललं. खाली पाणी फुटलं आणि सिग्ने ओरडली.

होडीत मी त्यांच्या आधी उतरले. त्यांनी जाळं आवळलं, मी हात ओले केले आणि मासा स्वतः धरला. जड. जिवंत. माझ्या बापाच्या खांद्यावरच्या घोळीहून भारी. तो अंगाला पीळ देत होता आणि त्याचं पोट माझ्या तळव्यात होतं. मऊ, गच्च भरलेलं पोट. मादी होती. आषाढातली, गाभोळीची.

मी वर बघितलं. व्याही माझ्याकडे नव्हे, नदीकडे बघत उभे होते. सिग्नेनं वल्हं घट्ट धरलं होतं. तिनं या खेपेला माझ्या गळ्याकडे बघितलं, आणि लगेच मान फिरवली.

मी मासा छातीशी धरला. लुगडं भिजलं. सात वर्षं मागत होते तो मान माझ्या हातात फडफडत होता. तो मी पुरेसा धरला, कुणी नंतर म्हणू नये की विहिणीला मासा पोचला नाही. मग वाकले आणि पाण्यात सोडला. तो क्षणभर माझ्या हातातच थांबला, मग वरच्या अंगाला, डोंगराकडे गेला.

व्याह्यांनी टोपी काढली.

मी गळ्यातली माळ काढली. आकडा निघेना, ओल्या बोटांनी निघत नाही. सिग्नेनंच पुढं होऊन काढला, आणि मी ती तिच्या गळ्यात घातली. पोर उंच, तिला वाकावं लागलं. वाकली.

मग मी व्याह्यांकडे वळले.

"हरेश," मी म्हटलं, "आता एक शब्द गाळलास तर याद राख."

"नाही गाळत, आये."

"व्याहीबुवा, तुम्हाला पाहुण्याला वाढायला येत नाही. तुमच्या बटाट्यांना चव नाही, आणि तुमचं ते गुळासारखं चीज मी रोज मांजराला घातलं. पण तुम्हाला राखायला येतं. मासा मला पोचला, मी हातात घेतला, मान झाला. सात वर्षं मी गावभर सांगत होते, या लोकांनी माझा पोरगा नेला. आजपासून सांगेन, मी दिला."